रहस्य कोणत्या भाषेत ठेवायचे?

एखाद्या कथेत एखाद्या भाषेला किती मान आहे, हे कसे ओळखावे? त्या भाषेतली किती पात्रे कथेत वावरतात, त्यांच्या तोंडी किती वाक्ये घातली आहेत, अशी मोजदाद करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या मते ही मोजदाद व्यर्थ आहे. विशेषतः हेरकथेत तरी एकच कसोटी खरी: कथेतले रहस्य त्या भाषेत ठेवले आहे का? ती भाषा येत नसेल तर कथानक कुठे अडते का? अडत असेल, तर ती भाषा त्या घरची. अडत नसेल, तर कितीही पात्रांना त्या भाषेतली आडनावे दिली तरी ती भाषा ओसरीवर बसलेली पाहुणीच.

हे सुचण्याचे निमित्त 'द फॅमिली मॅन' या हेरमालिकेचा पहिला भाग. मालिका जुनी आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी ती अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली, २०२१ मध्ये तिचे दुसरे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसरे पर्व आले. आम्ही दोघे बारामती आणि इंदापूर इथल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आमचे विद्यार्थी ही मालिका एसटीत, वसतिगृहात, भवानीनगर ते निमगाव केतकीच्या खडखडाटात, मोबाइलच्या चार बोटे पडद्यावर पाहत आले आहेत. आम्ही मात्र ती फार उशिरा पाहिली. का उशिरा पाहिली, हाही या लेखाचा एक विषय आहे. त्याकडे पुढे येऊच.

पहिला भाग मोठ्या हुशारीने रचलेला आहे, हे आधीच मान्य करतो. केरळच्या किनाऱ्याजवळ एका नौकेवर तीन संशयित पकडले जातात. इकडे मुंबईत श्रीकांत तिवारी नावाचा एक मध्यमवयीन माणूस घर, शाळा आणि बायकोची नाराजी यांत गुरफटलेला दिसतो. घरच्यांच्या लेखी तो सरकारी कचेरीत फायली हलवणारा नोकरदार आहे; प्रत्यक्षात दहशतवादविरोधी शाखेचा अधिकारी आहे. (त्याची बायको सुचित्रा महाविद्यालयात शिकवते आणि लवकरच त्या नोकरीला रामराम ठोकते. आमच्या व्यवसायाची कथाकारांनी अचूक नोंद घेतली आहे, एवढेच म्हणतो.) हेराचे वैभव काढून घेऊन त्याला महिनाअखेरीच्या चिंता देणे ही राज आणि डीके या दिग्दर्शकद्वयाची कल्पना नवी नसली, तरी ती त्यांनी नेमकी साधली आहे. मनोज बाजपेयींच्या अभिनयाविषयी वेगळे सांगायला नको.

आता या शाखेतली माणसे पाहा. वर साहेब आहेत, त्यांचे आडनाव कुलकर्णी. बाजूला सहकारी आहे, त्याचे आडनाव तळपदे. मधोमध, जिथे शंका येते, विचार होतो आणि निर्णय घेतला जातो, तिथे तिवारी. कथा घडते मुंबईत. म्हणजे दोन मराठी आडनावांच्या मध्ये ही हेरकथा बसली आहे आणि तरीही मराठीवाचून तिचे कुठेही अडत नाही. एखादा मराठी शब्द येतो, एखादे हेल काढलेले वाक्य येते, ते चवीपुरते. ते काढून टाकले तर प्रेक्षकाला किंचित अळणी लागेल, पण कथेचा एकही सांधा निखळणार नाही.

इतर भाषांचे या मालिकेत काय झाले, ते याच्याशेजारी ठेवून पाहावे. पहिल्या पर्वात मूसा या केरळी तरुणाचे घर, त्याची आई, त्याचा मुलूख हे सारे कथानकाची किल्ली बनते. दुसऱ्या पर्वात कथा चेन्नईत जाते आणि तमिळ न येणारा तिवारी आपल्याच सासुरवाडीच्या भाषेत परका ठरतो. तिथे भाषा येणे आणि न येणे यावर तपास अडतो आणि सुटतो. तिसऱ्या पर्वात कथा नागालँडकडे वळते. थोडक्यात, पर्वागणिक देशाच्या एकेका कोपऱ्याला आपापले गुपित मिळाले. ज्या शहरात तिवारींचे बिऱ्हाड आहे, त्या शहराच्या भाषेला मात्र गुपित मिळाले नाही.

यावर अपेक्षित आक्षेप तीन. पहिला: तळपदे हे मालिकेतले सर्वांत लाडके पात्र आहे, मग तक्रार कसली? आम्हालाही तो आवडतो. शारिब हाश्मींनी त्याला जो ओलावा दिला आहे तो दुर्मीळ आहे. पण लाडके असणे आणि केंद्रस्थानी असणे यांत अंतर आहे. विदूषकही संस्कृत नाटकात लाडका असतो. नाटक नायकाचे असते. आणि सगळ्यांत लक्षणीय गोष्ट अशी, की हेच बाजपेयी १९९८ मध्ये 'सत्या'त भिकू म्हात्रे झाले होते. मुंबईचा गुंड मराठी असला तर तो केंद्रस्थानी चालतो. मुंबईचा हेर मराठी असला तर तो बाजूला उभा राहतो. पोट, मैत्री, इमान आणि मनगट ही मराठी पात्राची मालमत्ता. शंका घेणारे डोके दुसऱ्याचे.

दुसरा आक्षेप: हिंदी मालिका आहे, तिने मराठीची पालखी का वाहावी? अगदी बरोबर. तिने वाहू नये. आमची तक्रार त्या मालिकाकारांविरुद्ध नाहीच. मराठी पात्रांचा अपमान झाला म्हणून निवेदने देणारी, पोस्टर फाडणारी एक जमात आपल्याकडे आहे. तिच्याशी आमचे काडीचेही नाते नाही. कथाकार जवळ असलेल्या सामग्रीतून कथा करतो. प्रश्न असा आहे, की मराठीने त्याच्या हाती कोणती सामग्री ठेवली होती?

तिसरा आक्षेप आमच्याच विभागातल्या मंडळींचा: मराठीच्या प्राध्यापकांनी असल्या मालिकांवर शाई खर्चावी काय? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

मराठी ही गुपिते ठेवणारी भाषा नाही, ती रोखठोक, उघडीवाघडी भाषा आहे, असा एक समज आपणच जोपासला आहे. समज सपशेल खोटा आहे आणि तो खोटा आहे हे एम. ए. च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. ज्या 'लीळाचरित्रा'पासून आपण मराठी गद्याचा इतिहास सुरू करतो, ते महानुभावांचे साहित्य शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद होते. सकळ लिपी, सुंदरी लिपी आणि तशाच आणखी कितीतरी. एका पंथाने आपले सारे ग्रंथभांडार अक्षरांची अदलाबदल करून जगापासून राखले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचे कुलूप उघडले, तेव्हा कुठे उर्वरित महाराष्ट्राला आपल्या आद्य गद्याची ओळख झाली. संकेतलेखन आणि संकेतभेद यांचे याहून मोठे नाट्य कोणत्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात आहे? आपण ते 'महानुभाव वाङ्मय: लिप्या' अशा टिपेत कोंबतो आणि पाच गुणांचा प्रश्न काढतो.

पानिपताची बातमी कशी आली, हे तर शाळकरी मुलेही सांगतात. पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्रात मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नसल्याचा मजकूर होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. एका सबंध पिढीचा संहार हिशेबाच्या भाषेत लपवून वाटेला लावलेला होता. हे पत्र आपण अश्रू ढाळण्यासाठी वापरतो. ते संकेतभाषेचा नमुना म्हणून वाचल्याचे निदान आमच्या वर्गांत तरी कधी घडले नाही.

आणि आमच्या गावाचेच सांगायचे, तर बारामतीकर मोरोपंतांनी काय केले? मंत्ररामायणात त्यांनी रामनामाचा त्रयोदशाक्षरी मंत्र आर्यांच्या अक्षरांतून गुंफून ठेवला; निरोष्ठ रामायणात ओठ जुळावे लागणारी अक्षरेच वर्ज्य केली. वरवर रामकथा, आत दुसराच कारभार. कऱ्हेच्या काठी बसून हा माणूस आयुष्यभर अक्षरांशी लपंडाव खेळला. त्याला आपण 'पंडिती कसरत' म्हणून निकालात काढले. लोकपरंपरेकडे वळलो तर गोंधळ्यांची करपल्लवी आहे: बोटांच्या खुणांनी सहकाऱ्याला नाव कळवायचे आणि त्याने ते बिनचूक सांगायचे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही भाव कळत नाही. ही भाषा उघडीवाघडी आहे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मग उरतो बहिर्जी. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत बहिर्जी जासूद येतो तो अगदी मोजक्या ओळींत. सुरतेची खबर आणणारा, जालन्याकडून परतताना आडवाटेने फौजेला सुखरूप काढणारा. बाकीचा सारा बहिर्जी लोकांनी रचला: त्याची वेषांतरे, त्याच्या बोली, त्याची नक्कल करण्याची हातोटी. लोकांनी रचले त्यात एक शहाणपण होते. हेराचे मुख्य शस्त्र म्हणजे दुसऱ्याच्या बोलीत दुसऱ्यासारखे बोलता येणे, हे त्यांना उमगले होते. आपण शिकलेल्यांनी त्याचे काय केले? 'द फॅमिली मॅन' ज्या शरद ऋतूत आली, त्याच सुमारास, १५ नोव्हेंबर २०१९ रोजी, 'फत्तेशिकस्त' हा चित्रपट आला. लाल महालावरच्या छाप्याची ती कथा 'पहिला सर्जिकल स्ट्राइक' म्हणून विकली गेली. म्हणजे हिंदी हेर महिनाअखेरीची चिंता करणारा माणूस होत असताना मराठी हेर गर्जना करणारा पुतळा होत होता. हेराने गर्जना करायची नसते, एवढे तरी आपण बहिर्जीपासून शिकायला हवे होते.

पण चित्रपटवाल्यांना दोष देऊन आम्ही सुटू शकत नाही. खरा दोष आमच्या धंद्याचा आहे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना पाठ होती. गावोगावच्या वाचनालयांत त्या पुस्तकांची पाने तेलकट होईपर्यंत हाताळली गेली. गुरुनाथ नाईकांनीही संख्येत तशीच मजल मारली आणि २०२१ मध्ये ते गेले तेव्हा मराठी विभागांतून दोन मिनिटांची शांतताही पाळली गेली नाही. सुहास शिरवळकरांचा आपण 'दुनियादारी'पुरता उल्लेख करतो. त्यांच्या मंदार पटवर्धनचे, दारा बुलंदचे नाव काढले की आमच्यातले ज्येष्ठ गालात हसतात. कुठेकुठे अभ्यासक्रमात 'लोकप्रिय साहित्य' असे एक प्रकरण असते. ते शिकवताना आमचा स्वर रोग्याच्या खोलीत शिरल्यासारखा असतो.

हे सारे लेखन श्रेष्ठ होते, असा आमचा दावा नाही. त्यातले पुष्कळसे घाईचे, परभाषेतून उचललेले आणि एकसाची आहे. पण एकसाची लेखनातूनच साचा घडतो आणि साचा घडल्यावरच कुणीतरी तो मोडतो. मोडणारा निपजावा म्हणून समीक्षेने त्या साच्याकडे पाहावे लागते. कोणती युक्ती साधली, कोणती फसली, हे सांगावे लागते. आम्ही पाहिलेच नाही. बंगालीत याच्या उलट घडले. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश, सत्यजित राय यांचा फेलुदा यांना बंगाली वाचकांनी आणि विद्वानांनी घरात जागा दिली. म्हणून १९९३ मध्ये बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी ब्योमकेश हिंदीत आणला, तेव्हाही तो बंगालीच राहिला. धोतरामुळे नव्हे, त्याच्या मागे एक जिवंत वाङ्मय उभे होते, म्हणून. आमच्या तळपदेच्या मागे काय उभे आहे? त्याचे आडनाव, आणि आमचे गालातले हसू.

एक अनुभव सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात आरोपी आम्हीच आहोत. काही वर्षांपूर्वी पटकथालेखनाच्या प्रात्यक्षिकासाठी आमच्यातील एकाच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने हेरमालिकेचा पहिला भाग लिहून दिला. मुलगा उजनीच्या पाण्याकडेच्या गावचा. कथा भिगवणची. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे मोठमोठे कॅमेरे घेऊन पक्षिनिरीक्षक येतात. त्यांच्यात एक हेर आहे. नावाडी त्याला रोज पाण्यावर फिरवतो. शेवटी नावाड्याला हेराच्या सामानात बनावट ओळखपत्र सापडते, झटापट होते, पिस्तूल निघते. सूचना मराठीत होत्या, संवाद सगळे हिंदीत. आमच्या सहलेखकाने (की सहलेखिकेने, ते महत्त्वाचे नाही, चूक दोघांचीही झाली असती) लाल शाईने शेरा मारला: 'संवाद मराठीत हवेत. विषय उथळ.' आणि गुण कापले.

वही परत घेताना तो म्हणाला, "मूळ गोष्ट वेगळी होती. नावाड्याला संशय येतो तो बॅगेमुळं नाही. तो माणूस मराठी एकदम चांगलं बोलतो, पुस्तकासारखं. आणि नावेतून उतरताना रोज 'धन्यवाद' म्हणतो. आमच्याकडं नावेतून उतरताना कोण धन्यवाद म्हणतं? तिथंच तो सापडतो."

मग ते लिहिले का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, "ते हिंदीत येईना."

मग हिंदीत का लिहिलेस? त्यावर त्याने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. "मराठीत हेराची सिरीज कुठं असती का?"

आम्ही या संवादावर पुष्कळ विचार केला आहे. एका वीस वर्षांच्या मुलाला हेरकथेचे मर्म सापडले होते. परका माणूस चुकीच्या शब्दामुळे नव्हे, तर अतिशुद्ध शब्दामुळे उघडा पडतो, हे त्याने भिगवणच्या काठावर उभे राहून ओळखले होते. तो दुवा फक्त मराठीत शक्य होता, कारण त्याचा सारा अर्थ प्रमाण मराठी आणि इंदापूर तालुक्याची बोली यांमधल्या फटीत होता. रहस्य मराठीत ठेवणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला कुठल्याही ग्रंथात मिळालेले नाही. आणि ते त्याने फेकून दिले, पिस्तूल घेतले, कारण हेरकथा मराठीत नसते हे त्याला कुणीतरी शिकवले होते. ते आम्ही शिकवले होते. शब्दांत नव्हे, मौनातून, शेऱ्यांतून, प्रश्नपत्रिकांतून.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्याही महाविद्यालयांत पेढे वाटले गेले, भाषणे झाली, ग्रंथदिंडी निघाली. प्राचीनत्वाचे पुरावे मागे शोधायचे असतात. ते सापडले, आनंद आहे. पण जिवंतपणाचा पुरावा पुढे द्यावा लागतो. ज्या भाषेत आजचा तरुण आपले भय, आपला संशय, आपली दुटप्पी आयुष्ये मांडू शकत नाही, ती भाषा अभिजात असूनही त्याच्या उपयोगाची राहत नाही. आणि हेरकथा म्हणजे दुसरे काय? घरी एक, बाहेर एक असे आयुष्य जगणाऱ्या माणसाची ती गोष्ट. बारामतीत खोली घेऊन स्पर्धापरीक्षेचा अभ्यास चालू आहे असे घरी सांगणारा, आणि प्रत्यक्षात दुकानात हिशेब लिहिणारा मुलगा या कथाप्रकाराचा नायक होऊ शकतो. तिवारींचे दुःख त्याला कळते ते उगाच नव्हे. ते त्याला परभाषेतून कळून घ्यावे लागते, एवढाच आमचा आक्षेप आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्या सरकारकडे नाहीत, आपल्याच माणसांकडे आहेत. अर्नाळकरांची एक तरी कादंबरी वर्गात उघडावी आणि तिची यंत्रणा सुटी करून दाखवावी, तिला नाक न मुरडता आणि तिचे देव्हारे न माजवता. महानुभावांच्या लिप्या शिकवताना विद्यार्थ्यांकडून एक उतारा त्या पद्धतीने लिहवून घ्यावा आणि दुसऱ्या बाकावरच्यांनी तो उलगडावा. पानिपताचे ते सावकारी पत्र आणि तिवारींच्या मालिकेचा पहिला भाग एकाच तासाला ठेवावेत आणि विचारावे: बातमी लपवण्यासाठी कोणती भाषा वापरली, आणि तीच का? पटकथेच्या प्रात्यक्षिकात विषय उथळ आहे की खोल, हे शेऱ्यात लिहिण्याआधी विद्यार्थ्याला मूळ गोष्ट तोंडी विचारावी.

आणि तळपदेंची कीव करणे थांबवावे. ते आपल्या जागी सुखी आहेत. बदल व्हायचा तो मालिकेत नव्हे, आमच्या लाल शाईत. त्या मुलाचे कापलेले गुण आता परत देता येत नाहीत. तो शिकून बाहेर पडला, नोकरीला लागला. पण त्याची पटकथा आमच्याकडे आहे. यंदा ती आम्ही दोन्ही गावांच्या वर्गांत नेणार आहोत, शेऱ्यासकट, आणि विद्यार्थ्यांना सांगणार आहोत की पिस्तूल काढा, 'धन्यवाद' परत घाला आणि पहिला भाग पुन्हा लिहा.